मी आले, मी आलो

दारावर थाप पडली की आतून आवाज येतो, ‘कोण आलंय?’ बाहेर बाई आहे की बाप्या, हे ठाऊक नसलं तरी मराठी बोलणारा अडत नाही. क्रियापद आपसूक नपुंसकलिंगी होतं. ‘कुणीतरी निरोप देऊन गेलं’, ‘आत कोण बसलंय?’, ‘कुणी जेवायचं राहिलंय का?’ पंगतीत फिरणारा यजमान हा शेवटचा प्रश्न विचारतो, तेव्हा समोरच्या साऱ्यांना त्यात जागा असते. पोरांचा घोळका आला की ‘मुलं आली’. त्यात मुलगे किती, मुली किती याचा हिशेब लागत नाही. दोन पुरुष असले तर दोघे, दोन बायका असल्या तर दोघी, आणि नवरा-बायको जोडीनं आली तर दोघं. संस्कृतातून आलेलं तिसरं लिंग हिंदीनं आणि पंजाबीनं टाकून दिलं. मराठी, कोकणी आणि गुजराती या भाषांनी ते सांभाळलं.

स्पॅनिशला ही सोय नाही. तिच्या नामांना दोनच लिंगं आहेत, आणि शंभर बायकांच्या सभेत एक पुरुष येऊन बसला तरी व्याकरणानं अख्खी सभा पुल्लिंगी होते. म्हणून गेल्या दोन दशकांत स्पॅनिश बोलणाऱ्यांमध्ये शब्दांच्या शेवटच्या अक्षरावरून मोठी लढाई झाली. अमेरिकेतल्या इंटरनेटवर आणि विद्यापीठांत ‘लातिनो’ आणि ‘लातिना’ या दोहोंऐवजी ‘लॅटिनेक्स’ हा शब्द वाढला. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः अर्जेंटिनात, २०१८ साली गर्भपाताच्या हक्कासाठी तरुण मुली रस्त्यावर उतरल्या तेव्हा ‘तोदोस’ म्हणजे ‘सगळे’ या शब्दाच्या जागी ‘तोदेस’ ऐकू येऊ लागलं. माद्रिदच्या रॉयल स्पॅनिश अकादमीनं हे सारं अनावश्यक ठरवलं. पुल्लिंगी रूपात सगळे येतात, अशी तिची भूमिका. २०२२ मध्ये ब्यूनोस आयर्स शहराच्या सरकारनं शाळांमध्ये अशा रूपांना मनाई केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या केंद्र सरकारनं आपल्या कारभारातून ती काढून टाकली. त्याच अर्जेंटिनानं २०१२ साली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा कायदा केला होता आणि २०२१ पासून राष्ट्रीय ओळखपत्रावर स्त्री-पुरुषांखेरीज तिसरा पर्याय दिला होता.

या दोन शब्दांचं नशीब वेगवेगळं निघालं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या हिस्पॅनिक प्रौढांपैकी जेमतेम चौथा हिस्सा लोकांनी ‘लॅटिनेक्स’ ऐकलेला होता, आणि तो स्वतःसाठी वापरणारे होते तीन टक्के. २०२४ पर्यंत ऐकलेले सत्तेचाळीस टक्क्यांवर गेले, पण वापरणारे चार टक्क्यांवरच राहिले. ज्यांच्या सन्मानासाठी शब्द घडवला त्यांच्या जिभेवर तो बसला नाही, कारण स्पॅनिशच्या उच्चारात ‘एक्स’ हे अक्षर तिथं बसतच नाही. ‘तोदेस’ मात्र ज्या मुलींना हवा होता त्यांनीच उच्चारला. म्हणूनच सरकारांना त्याच्यावर बंदी घालावी लागली.

हे वाचून मराठी माणसाला वाटेल की आपल्याकडे ‘ते’ आहे, म्हणजे आपला प्रश्न पाणिनीच्या काळापासून सुटलेलाच आहे. तो तसा सुटलेला नाही. अनोळखी, न दिसलेल्या माणसासाठी नपुंसकलिंग चालतं. समोर उभ्या असलेल्या मोठ्या माणसासाठी ते चालत नाही. लेकरू, पोरगं, तान्हं यांच्यासाठी ‘ते’ म्हणण्यात माया आहे. जाणत्या माणसाला एकवचनी ‘ते आलं बघ’ म्हटलं की त्यात हिणवणं येतं. बावळटाला ‘येडं’, ‘खुळं’ म्हणताना मराठी हेच लिंग हाताशी घेते. भरीला त्याचं शाळेत शिकवलं जाणारं नाव. व्याकरणाच्या तासाला पाचवी-सहावीतलं मूल ‘नपुंसकलिंग’ हा शब्द शिकतं आणि शाळा सुटल्यावर त्याचाच अर्धा भाग शिवी म्हणून ऐकतं. ज्या मुलाला आपण मुलग्यांसारखे नाही हे कळू लागलेलं असतं, त्याला तो तास कसा जात असेल याचा विचार पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांनी कधी केलेला दिसत नाही.

आणि ज्यांना सरकार आणि वर्तमानपत्रं ‘तृतीयपंथी’ म्हणतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना तिसरं क्रियापद नकोच आहे. नांदेडच्या रेल्वे स्थानकावर, लातूरच्या गंजगोलाईत दुकानांपुढे टाळी वाजवत येणाऱ्यांचं आपसातलं बोलणं कान देऊन ऐकलं तर त्यात ‘मी आले’, ‘मी सांगितलं होतं ना गं’, ‘ती कुठं गेली’ असंच ऐकू येतं. त्यांच्या घराण्यात गुरू असते, चेला असते, गुरूची गुरू नानी असते. नाती सारी बायकांची. व्याकरणातल्या रिकाम्या तिसऱ्या खोलीत राहायला जाण्याची त्यांची मागणी नाही. त्यांना स्त्रीलिंग हवं आहे, आणि ते त्यांनी स्वतः निवडलेलं आहे.

इथं मराठीची एक गोष्ट फार कामाची आहे, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. इंग्रजीत बोलणारा ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ हे दोन्ही एकाच रूपात म्हणतो. त्यामुळे समोरच्याला आपल्याबद्दल कोणतं सर्वनाम वापरायचं, हे त्याला वेगळं जाहीर करावं लागतं; पत्राखाली लिहावं लागतं, सभेत ओळख करून देताना सांगावं लागतं. मराठीत बहुधा पहिल्या एक-दोन वाक्यांतच ते कळून चुकतं. ‘मी लातूरची’, ‘मी सकाळीच आले’, ‘मी दमलो’: बोलणारी व्यक्ती स्वतःला कुठं मानते हे तिच्या क्रियापदानं, तिच्या विशेषणानं सांगून टाकलेलं असतं. ऐकणाऱ्यानं एवढंच करायचं आहे की तेच रूप तिच्याबद्दल बोलतानाही ठेवायचं. ‘मी आले’ म्हणणाऱ्या व्यक्तीची बातमी ‘तो आला होता’ अशी छापायची नाही. यासाठी नवा शब्द, नवं अक्षर, शासन निर्णय यांतलं काहीच लागत नाही.

नियमाला एक अपवाद आहे आणि तो गोड आहे. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल बोलताना सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिथं ते रूप त्या मुलखाचं आहे. त्यातून कुणी पुरुष असल्याचं सांगत नाही. तेव्हा ऐकणाऱ्याला मुलखाची जाण हवी. पण या अपवादातून दुसरंही काही कळतं. बायकांनी पुल्लिंगी क्रियापद वापरल्यानं कोल्हापूरची भाषा बिघडली, संसार मोडले, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. लिंगाची रूपं इकडून तिकडं गेली तर भाषेचा गाडा उलटेल ही भीती पुण्या-मुंबईच्या पुस्तकी मराठीला वाटते. बोलींना ती कधी वाटलेली नाही.

मराठवाड्याच्या बोलीतही अशा मोकळ्या जागा पुष्कळ आहेत. लातुरात बरोबरीच्या मित्राला ‘काय करायलास?’ आणि मैत्रिणीला ‘काय करायलीस?’ विचारतात, पण मानानं विचारायचं झालं की ‘काय करायलाव?’ हे एकच रूप दोघांना चालतं. मान दिला की लिंग गळून पडतं. देगलूर, धर्माबादकडं तेलुगू आणि उदगीर, निलंग्याच्या सीमेवर कन्नड कानावर पडते, तिथंही हेच दिसेल: आदरानं ‘आले’ म्हणताना तेलुगूतलं ‘वच्चारु’ किंवा कन्नडातलं ‘बंदरु’ बाईला आणि पुरुषाला एकच. प्रमाण मराठीत ‘तुम्ही आलात’ दोघांना सारखं आहे, ‘आम्ही आलो’ सारखं आहे, साधा भविष्यकाळ सारखा आहे. ‘मी जाईन’ म्हणणारी व्यक्ती कोण ते व्याकरण विचारत नाही. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद भाकरीच्या मागे जातं, खाणाऱ्याला मोकळं सोडतं. ज्या तरुणांना बाई किंवा पुरुष या दोन्ही ओळखी आपल्या वाटत नाहीत, त्यांच्यापुढे मराठीनं दरवाजा बंद केलेला नाही. थोडी वाट काढावी लागते, एवढंच.

नांदेडमध्ये आणि लातूरमध्ये बसून या विषयाकडं पाहिलं की त्याचा एक जुना संदर्भ समोर येतो. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १३२९ फसली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, हिजड्यांची नोंदवही ठेवणारा कायदा झाला. त्यांनी बायकांचे कपडे, दागिने घालून रस्त्यावर दिसू नये, नाचगाणं करू नये, तसं दिसलं तर वॉरंटशिवाय अटक, असं त्याचं स्वरूप होतं. संस्थान गेलं, राज्यं बदलली, मराठवाडा महाराष्ट्रात आला. पण तेलंगणाच्या भागात तो कायदा कागदावर तसाच राहिला. जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. शंभर वर्षं ही माणसं सरकारदप्तरी होती ती संशयित म्हणून. कुणीतरी दुसऱ्यानं, दुसऱ्याच्या शब्दांत, दुसऱ्याच्या भीतीपोटी केलेली ती नोंद होती.

स्वतंत्र भारताची मोजणीही फार वेगळी नव्हती. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘इतर’ असा रकाना आला. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांनी तो निवडला. पण प्रसिद्ध झालेल्या मुख्य तक्त्यांमध्ये ही माणसं पुरुषांच्या आकड्यात मिळवलेली होती. बाई म्हणून जगणाऱ्या व्यक्तीनं मोठ्या धीरानं ‘इतर’ सांगितलं, आणि बेरीज करताना तिचा पुरुष झाला. आता २०२७ च्या जनगणनेसाठी प्रगणक दारोदार जातील. त्यांना प्रशिक्षणात आकडे कसे भरायचे हे शिकवलं जाईलच. बोलायचं कसं, हेही शिकवायला हवं.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे नालसाच्या, खटल्यात निकाल दिला की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. त्यानंतर संसदेनं २०१९ मध्ये कायदा केला. त्याच्या हिंदी नावात ‘उभयलिंगी व्यक्ति’ असा शब्द आहे, जो शाळेत फुलांच्या आणि गांडुळांच्या धड्यात भेटतो. महाराष्ट्र सरकारनं ‘तृतीयपंथी’ हा शब्द धरला आणि २०२० मध्ये त्याच नावानं कल्याण मंडळ स्थापन केलं. तमिळनाडूनं अधिक चांगला मार्ग घेतला. तिथं मद्रास उच्च न्यायालयाच्या पाठपुराव्यामुळे २०२२ मध्ये या साऱ्या ओळखींसाठी तमिळ शब्दांची अधिकृत सूची राजपत्रात आली, आणि ती करताना त्या समाजांशी चर्चा झाली. मराठीत अजून अशी सूची नाही. आणि ‘हिजडा’ हा शब्द वाईट म्हणून टाकून द्यावा, तर लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी आपल्या आत्मकथनाचं नावच ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ ठेवलेलं आहे. रस्त्यावर कुणी ओरडतो तेव्हा तो शब्द शिवी असतो, लक्ष्मी लिहितात तेव्हा ती घराण्याची ओळख असते. कोणता शब्द सभ्य, याची यादी मंत्रालयात बसून करता येत नाही, ती याचसाठी.

कोर्टकचेऱ्यांतून या तत्त्वाला प्रत्यक्ष रूप येताना दिसतं. डिसेंबर २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक इथं अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून अर्ज फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ, जिथं नांदेड-लातूरचीही प्रकरणं जातात, त्यानं जानेवारी २०२१ मध्ये निर्णय फिरवला: त्यांनी आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख निवडली आहे, तर त्यांना स्त्री म्हणूनच उभं राहू द्या. त्या निवडून आल्या. न्यायालयाच्या कागदावर त्यांचं नाव ‘अंजली गुरू संजना जान’ असं आहे. मराठी नावात जिथं बापाचं किंवा नवऱ्याचं नाव यायचं, तिथं गुरूचं नाव. ज्या नात्यानं सांभाळलं ते नातं नावात आलं.

लातूरशेजारच्या बीड जिल्ह्यात याच्या उलट दिशेनं जाणारं उदाहरण आहे. माजलगावच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. आधी नकार आला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी मंजुरी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे नोकरीत कायम राहिले. त्या काळातल्या मराठी बातम्या वाचल्या तर पत्रकारांचा गोंधळ दिसतो. एकाच परिच्छेदात ‘ती’, ‘तो’ आणि ‘ते’. पण गोंधळ हळूहळू निवळला. आज त्यांच्याबद्दलच्या बातम्यांत ललित, ते, आणि पुल्लिंगी क्रियापद एवढंच येतं. ना अकादमीनं नियम केला, ना कुणी परिपत्रक काढलं. एका माणसानं आपल्याबद्दल कसं बोलायचं ते ठरवलं आणि भाषा त्याच्यामागे गेली.

सरकार मात्र ओढावं लागतं. २०२२ मध्ये आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल यांना पोलीस भरतीचा अर्ज भरता येईना, कारण संगणकावरच्या अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच दोन पर्याय होते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणानं तिसरा पर्याय द्यायला सांगितलं, तर राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला तो पर्याय द्यायला लावला. एका रकान्यासाठी दोन पायऱ्या चढाव्या लागल्या.

यावर नेहमीचा आक्षेप असा की लोकांना पाणी नाही, पीकविमा मिळत नाही, आणि तुम्ही नावांवरून आणि क्रियापदांवरून वाद घालता. हा आक्षेप मराठवाड्यात तरी कुणी घेऊ नये. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यावरून गावंच्या गावं पेटवली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारण्यात आलं. नाव मिळत नाही म्हणून नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या मुलखानं एका नावासाठी सोळा वर्षं लढा दिला आहे, आणि ज्यांनी दिला ते सुखवस्तू नव्हते. पाण्याचा आणि भाकरीचा प्रश्न त्यांच्याच घरी सर्वांत मोठा होता. गांधीजींनी रूढ केलेला ‘हरिजन’ नाकारून ‘दलित’ हा शब्द मानानं मिरवला गेला तो याच राज्यात, १९७२ नंतर, दलित पँथरच्या पिढीत. २०१८ मध्ये केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं माध्यमांना ‘दलित’ शब्द टाळण्याचा सल्ला दिला तेव्हा अनेकांनी विचारलं की हा शब्द आम्ही घेतला होता, तुम्ही तो परत कसा मागता? तोच प्रश्न या लेखाच्या केंद्राशी आहे.

बायकांच्या नावांमागच्या अक्षरांबाबत हा प्रश्न आणखी ठसठशीत होतो. लग्नपत्रिकेत पुरुष चिरंजीव असतो, मग श्रीयुत, आणि मेल्यावर कैलासवासी. बाईला कुमारी, सौभाग्यवती, श्रीमती आणि गंगाभागीरथी अशा पायऱ्या आहेत. तिचा नवरा आहे का, होता का, गेला का, हे तिच्या नावाआधी वाचता येतं. एप्रिल २०२३ मध्ये राज्याचे तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याच्या प्रस्तावाबद्दल विभागाला लिहिलं. राज्यभरातून टीका झाली, आणि ही केवळ चर्चा होती असं मंत्र्यांना सांगावं लागलं. हेतू सन्मानाचा होता असं मानलं, तरी शब्दाची वाट चुकलेली होती. आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. गाव एक खूण पुसत होतं, तर मंत्रालय नवी खूण शोधत होतं.

आणि नवा शब्द शोधण्याची गरजही नव्हती. मराठवाड्यात नवरा मेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, घटस्फोट झालेल्या, लग्न न केलेल्या बायका कोरो संस्थेच्या पुढाकारानं एकत्र आल्या आणि त्यांनी आपल्या संघटनेला ‘एकल महिला संघटना’ असं नाव दिलं. कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिलेली कितीतरी घरं याच जिल्ह्यांत आहेत. ‘टाकलेली’ या शब्दात टाकणारा पुरुष उभा असतो. ‘विधवा’मध्ये गेलेला नवरा उभा असतो. ‘एकल’मध्ये फक्त ती असते. शिवाय हे विशेषण लिंगानुसार बदलत नाही, एकल पुरुषही म्हणता येतं. एखाद्या भाषातज्ज्ञानं बसून घडवावा इतका नेमका शब्द आहे हा, आणि तो रुळला सातबारावर नाव लावायला, पेन्शनला, रेशनकार्ड वेगळं करायला तहसीलच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांमध्ये.

कागद बदलतात, हेही खरं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डासाठी घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ बाईला कुटुंबप्रमुख मानलं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लागेल. हा मोठा बदल आहे, त्याचं स्वागत करावं. पण त्याच निर्णयात विवाहित बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव मात्र कायम राहिलं. मुलाच्या कागदावर आई आली, तिच्या स्वतःच्या कागदावर तिची आई आली नाही.

आता अशा एका शब्दाकडे यायला हवं, ज्याच्यामुळे लिंगनिरपेक्ष भाषेचे कैवारी थबकावेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या डोंगरी तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादम त्यांना माणसांवर मोजत नाही, कोयत्यांवर मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते आणि नवऱ्याच्या हातात पडते. या शब्दात लिंगाचा उल्लेखच नाही. तो कुणालाही पुढे ठेवत नाही, मागे ठेवत नाही. आणि नेमक्या याच कारणानं त्यात बाई दिसेनाशी होते. ऊस ती तोडते, मोळ्या ती बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत ती नेते, पहाटे उठून स्वयंपाक तीच करते. हिशेबात ती कोयत्याचा अर्धा भाग असते, ज्याला वेगळं नाव नाही आणि वेगळी मजुरी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. खाडा झाला तर दंड कोयत्याला बसतो. पाळीचं दुखणं मात्र कोयत्याला नसतं, ते बाईला असतं. मोजमापात बाईच नसेल तर तिचं दुखणं कुठं लिहायचं? एकल बाईची अडचण तर आणखी वेगळी. तिला कोयता पुरा करायला भाऊ, मुलगा किंवा कुणीतरी पुरुष सोबत घ्यावा लागतो, नाहीतर अर्ध्यावर समाधान मानावं लागतं.

म्हणून सगळीकडे लिंग पुसून टाकणं हा या प्रश्नाचा मार्ग होऊ शकत नाही. पत्रिकेवरच्या ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’मधली खूण पुसायला हवी, कारण ती खूण बाईनं मागितलेली नाही. भादलीच्या अर्जातली ‘स्त्री’ ही खूण ठेवायला हवी, कारण ती अंजली पाटील यांनी मागितली होती. आणि मुकादमाच्या वहीत बाई स्पष्ट लिहायला हवी. ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांकडून नोंदणी करून त्यांना ओळखपत्रं देण्याचं काम सरकारनं गेल्या काही वर्षांत हाती घेतलं आहे. त्या नोंदणीत नवऱ्याचं आणि बायकोचं कार्ड वेगळं असलं पाहिजे, उचलीच्या करारावर दोघांची नावं आणि दोघांचे अंगठे असले पाहिजेत, आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्या नावाच्या खात्यात जमा झाली पाहिजे. साखर कारखाने, मुकादम आणि संघटना दर काही वर्षांनी दरवाढीच्या कराराला बसतात. पुढच्या कराराच्या मसुद्यात ‘कोयता’ हे एकक काढून तिथं ‘एक स्त्री कामगार, एक पुरुष कामगार’ असं लिहायला लावणं, हे काम नांदेड-लातूरच्या कामगार संघटना आणि लोकप्रतिनिधी येत्या हंगामाआधीच सुरू करू शकतात.